रात्री उडणारा ड्रोन आणि त्यावरील स्ट्रोब दिवा

मुंबई-आग्रा मार्गावरील घोटी हे इगतपुरी तालुक्यातील गाव भाताच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. भरपूर पावसाच्या या टापूत भात हे खरिपाचे मुख्य पीक असून ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास ते कापणीस येते. नेमक्या याच दिवसांत रानडुकरे रात्री खाचरांत शिरून उभे पीक तुडवितात. बिबट्याच्या भीतीमुळे राखणीस जाणाऱ्या माणसाच्या जिवालाही घोर असतो. अशा वेळी बांधावर उभे राहून लहान ड्रोनच्या साहाय्याने शेतावर नजर टाकावी, हा विचार स्वाभाविक आहे. परंतु रात्रीचे उड्डाण म्हणजे दिवसाचेच उड्डाण केवळ अंधारात करणे नव्हे. त्यासाठी ड्रोनवर योग्य दिवा असणे ही पहिली गरज होय.

दिव्याचे खरे काम

या दिव्यास स्ट्रोब दिवा असे म्हणतात. तो सतत जळत नाही, तर ठरावीक अंतराने क्षणभर प्रखर चमकतो. थांबून थांबून चमकणारा प्रकाश स्थिर प्रकाशापेक्षा डोळ्यांस लवकर जाणवतो आणि तारे किंवा वस्तीतील दिवे यांच्यात मिसळून जात नाही. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्ट्रोब दिवा शेत पाहण्यासाठी नसतो. ड्रोन इतरांस दिसावा यासाठी तो असतो. साध्या कॅमेऱ्यास काळोखात या दिव्याचा काहीही उपयोग होत नाही. रात्री जनावर ओळखण्यासाठी उष्णता टिपणारा कॅमेराच लागतो.

ड्रोन कोणास दिसावयास हवा? प्रथम उडविणाऱ्यास, कारण ड्रोन नजरेआड होताच त्यावरील ताबा सुटल्यासारखाच असतो. दुसरे, आकाशातून जाणाऱ्या हेलिकॉप्टरच्या वैमानिकास. नाशिकजवळील गांधीनगर येथे सैन्याच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते आणि देवळाली येथे तोफखान्याचे केंद्र आहे. एक किलोही वजन नसलेला ड्रोन हेलिकॉप्टरच्या पात्यावर किंवा काचेवर आदळला, तर आतील माणसांच्या प्राणांवर बेतू शकते. हेलिकॉप्टरचा आवाज कानी येताच, दिवा असो वा नसो, ड्रोन ताबडतोब खाली घ्यावा.

दिव्याची निवड

भारतात १ डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत अतिलहान ड्रोन वगळता इतरांवर असा टक्करविरोधी चमकता दिवा आवश्यक ठरविला होता. त्या वेळी उड्डाणाची मुभा मात्र दिवसापुरतीच होती. अमेरिकेत २०२१ पासून रात्री उडणाऱ्या ड्रोनचा दिवा ३ मैलांवरून, म्हणजे सुमारे पावणेपाच किलोमीटरवरून, दिसला पाहिजे असा दंडक आहे. निवड करताना हे माप डोळ्यांपुढे ठेवणे हिताचे आहे. मोठ्या विमानांवरील दिवे मिनिटास ४० ते १०० वेळा चमकतात. ड्रोनवरील दिव्याचा वेगही साधारण तेवढाच ठेवावा. रंग पांढरा असावा. स्वतःची लहान बॅटरी असलेला दिवा घेतल्यास ड्रोनच्या तारांस हात लावावा लागत नाही.

वजनाचा हिशेब

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ड्रोनचे वर्ग एकूण वजनावरून पडतात व त्यात वर लावलेल्या वस्तूंचे वजनही धरले जाते. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो आणि २ ते २५ किलोंचा लघु वर्गात येतो. समजा, ड्रोनचे वजन २४९ ग्रॅम आहे आणि त्यास चिकटपट्टीसह १२ ग्रॅमचा दिवा लावला. एकूण वजन २६१ ग्रॅम होऊन ड्रोनचा वर्गच बदलतो. नॅनो ड्रोन उडविण्यास वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो ड्रोन व्यवसायासाठी उडवावयाचा असेल तर ते लागते. म्हणून दिवा बसविल्यानंतर ड्रोन सोन्याचांदीच्या किंवा किराणाच्या काट्यावर ठेवून वजनाची खात्री करून घ्यावी. वजन वाढले की उड्डाणाचा काळही काहीसा घटतो, हे ध्यानी ठेवावे.

दिवा बसविण्याची रीत

दिवा ड्रोनच्या पाठीवर, मध्यरेषेवर बसवावा. एका बाजूस बसविल्यास तोल जातो. मात्र उपग्रहांचे संदेश घेणारा भाग, हवा खेळण्याची छिद्रे आणि बॅटरीची खटकी झाकली जाता कामा नये. पोटाखाली दुसरा दिवा लावल्यास तो खालील माणसास दिसतो, परंतु त्याचा प्रकाश कॅमेऱ्यात किंवा खालच्या संवेदकांवर पडू देऊ नये. पृष्ठभाग कोरड्या फडक्याने पुसून उचकटता येणारी काटेरी चिकटपट्टी वापरावी. पंखे हाताने फिरवून ती कोठे लागत नाहीत ना, हे पाहावे. पहिले उड्डाण दिवसा, डोक्याइतक्या उंचीवर करावे. त्यानंतर संध्याकाळी एका सोबत्यास एक किलोमीटरवर उभे करून दिवा स्पष्ट दिसतो की नाही, हे फोनवर विचारून घ्यावे.

दिशा कशी ओळखावी

स्ट्रोब दिव्यामुळे ड्रोन कोठे आहे ते कळते, परंतु त्याचे तोंड कोणीकडे आहे ते कळत नाही. विमानाच्या रीतीने डाव्या बाजूस लाल, उजव्या बाजूस हिरवा व मागे पांढरा असे बारीक स्थिर दिवे असल्यास ही अडचण दूर होते. लाल दिवा आपल्या उजव्या हातास दिसला, तर ड्रोन आपल्याकडे तोंड करून आहे असे समजावे. काही ड्रोनांत पुढचे दिवे लाल व मागचे हिरवे असतात. आपल्या यंत्राची रीत आधी पाठ करावी. घोटीवरून रेल्वेमार्ग जातो. तेथे वरून उच्च दाबाची तार गेलेली आहे, आणि लाल-हिरवा प्रकाश गाडीच्या चालकास संभ्रमात टाकू शकतो. रुळांच्या आसपास रात्री ड्रोन उडवूच नये.

उड्डाणापूर्वीची दक्षता

अंधारात ड्रोनचे अडथळे ओळखणारे कॅमेरे बहुधा निकामी ठरतात. म्हणून दिवसा शेत फिरून झाडे, खांब व तारा यांची उंची हेरावी आणि ड्रोन आपोआप परतण्याची उंची त्याहून अधिक ठेवावी. डोळे अंधारास सरावण्यास सुमारे अर्धा तास लागतो; त्या काळात मोबाइलचा उजेड मंद ठेवावा आणि चमकणाऱ्या दिव्याकडे जवळून पाहू नये. धुके किंवा पाऊस असल्यास प्रकाश उलट फिरून डोळे दिपतात, अशा रात्री उड्डाण रद्द करावे. औषधफवारणी रात्री करू नये. निवांत रात्री जमिनीलगत थंड हवेचा थर साचतो, त्यात बारीक तुषार तरंगत राहून शेजाऱ्याच्या शेतात जातात.

हिरव्या क्षेत्रातही जमिनीपासून १२० मीटरपेक्षा अधिक उंची परवानगीवाचून घेता येत नाही. ठिकाण हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात मोडते, हे डिजिटल स्काय नकाशावर पाहावे. जिल्ह्यात ड्रोनबंदीचा आदेश लागू आहे काय, तसेच रात्रीच्या उड्डाणास कोणती परवानगी लागते, याची पोलीस ठाण्यात चौकशी करावी. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यातील व पुणे जिल्ह्यातील अनेक गावांत रात्री आकाशात ड्रोन दिसल्याने चोरांच्या अफवा उठल्या व लोक रात्र-रात्र जागले. तेव्हा ग्रामपंचायत आणि शेजारचे शेतकरी यांस उड्डाणाची वेळ आधी कळवावी. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी अशा उड्डाणांची वही ठेवल्यास गावाचा संशय आपोआप मावळेल.

बिबट्या दिसल्यास ड्रोन त्याच्यावर नेऊ नये. वनविभागास कळवून माणसांस घरात थांबवावे. थोडक्यात, दिवा बसविणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. परंतु तो चमकू लागला की उडविणारा आकाशातील वाटसरू होतो, आणि वाटसरूने इतरांच्या वाटेचा मान राखावयाचा असतो.