शाळेतही कधी धावला नाहीत? मग पहिल्या दिवशी फक्त ८ मिनिटे धावा!

पोलीस भरतीची चाहूल लागली की परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या रस्त्यांवर पहाटे तरुण-तरुणी धावताना दिसू लागतात. त्यात शाळेत पीटीचा तास टाळणारेही असतात. पहिल्या दिवशी जीव खाऊन राउंड मारायचे, आठवडाभरात नडगी ठणकायला लागते आणि बूट कोपऱ्यात जातात. 'धावणे आपले कामच नाही' असा निष्कर्षही काढला जातो. खरे तर मेहनत कमी पडलेली नसते, सुरुवातीचा वेग चुकलेला असतो.

५ मिनिटे १० सेकंद म्हणजे किती वेग?

राज्यातील पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यातील २० गुण पुरुषांसाठी १६०० मीटर आणि महिलांसाठी ८०० मीटर धावण्याला आहेत. पैकीच्या पैकी गुणांसाठी पुरुषांना ५ मिनिटे १० सेकंदांत, तर महिलांना २ मिनिटे ५० सेकंदांत अंतर संपवावे लागते. (अर्ज करताना त्या-त्या जाहिरातीतील निकष तपासून घ्यावेत.)

पुरुषांसाठी हा वेग ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटर होतो. ४०० मीटरच्या ट्रॅकवर प्रत्येक राउंड साडेसत्याहत्तर सेकंदांत. परभणीच्या ज्योती गवतेने २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला तेव्हा तिची वेळ होती २ तास ५० मिनिटे ५३ सेकंद, म्हणजे ताशी १५ किलोमीटरच्या आसपास. अंतर वेगळे असल्याने थेट तुलना होत नाही. पण नवशिक्याने पहिल्याच पहाटे साडेअठराचा वेग धरणे किती अवघड आहे, हे यावरून लक्षात येते. तो वेग परीक्षेच्या दिवसाचा आहे, सरावाच्या पहिल्या दिवसाचा नाही.

दम वाढतो, मग नडगी का दुखते?

हृदय आणि स्नायू काही आठवड्यांतच धावण्याला सरावतात. तीन-चार आठवड्यांत दम कमी लागतो, हुरूप येतो आणि अंतर वाढवले जाते. हाडे आणि स्नायूबंध मात्र सावकाश बदलतात. ताण पडल्यावर हाडाचा जुना भाग आधी झिजवला जातो, मग त्या जागी नवा भरला जातो. या कामाला साधारण तीन ते चार महिने लागतात. मधल्या काळात भार एकदम वाढला की नडगीच्या आतल्या बाजूने कळ येते. तरीही रेटले तर हाडाला बारीक तडा जाऊ शकतो.

म्हणूनच जाहिरात निघाल्यावर सराव सुरू करणे उशिराचे ठरते. शरीराला महिने लागतात आणि हातात आठवडेच उरतात.

पहिल्या आठवड्यात काय करायचे?

धावण्याची सवय नसलेल्यांसाठी जोश क्लार्क या अमेरिकी तरुणाने १९९६ मध्ये नऊ आठवड्यांचा आराखडा तयार केला. 'काउच टू फाइव्ह के' नावाने तो जगभर वापरला जातो. त्याची सुरुवात अशी:

• ५ मिनिटे झपाझप चालणे
• ६० सेकंद हळू धावणे, मग ९० सेकंद चालणे
• असे एकूण २० मिनिटे, म्हणजे आठ वेळा
• आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती

यात प्रत्यक्ष धावणे फक्त ८ मिनिटे होते. पुढे धावण्याचा वेळ वाढत जातो आणि नवव्या आठवड्यात सलग ३० मिनिटे धावणे अपेक्षित असते. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करावा.

वेग बरोबर आहे का, हे कळायला घड्याळ लागत नाही. धावता धावता सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटत असतील तर वेग जास्त आहे.

वेगाचा सराव कधी?

सलग ३० मिनिटे आरामात धावता येऊ लागल्यावर. तेव्हा आठवड्यातून एकच दिवस २०० किंवा ४०० मीटर जोरात, मध्ये पुरेशी विश्रांती, असे तुकडे करावेत. बाकीचे दिवस हळूच धावावे. रोज घड्याळ लावून १६०० मीटर मारल्याने वेग वाढण्यापेक्षा दुखापतच लवकर होते.

परभणीत धावताना काय सांभाळायचे?

• ऊन: एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी पार करतो, त्यामुळे सूर्य वर येण्याआधीच धावणे संपवावे. उन्हाची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात. तोवर वेळ आणि वेग दोन्ही कमी ठेवावे.
• काळी माती: पावसाळ्यात ती बुटाला चिकटते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पाय मुरगळतो. मैदान किंवा टणक कच्चा रस्ता बरा.
• वाहने: उसाच्या हंगामात पहाटेपासून ट्रॅक्टर-ट्रॉल्या सुरू असतात. समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या बाजूने, फिकट रंगाचे कपडे घालून धावावे. दोन्ही कानांत इअरफोन नको.
• बूट: महागडेच हवेत असे नाही. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि टाच सरकता कामा नये.

कधी थांबायचे?

छातीत दुखणे, चक्कर येणे, धाप न थांबणे ही लक्षणे दिसली तर लगेच थांबून डॉक्टरांना दाखवावे. उन्हात धावणारा असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला तर त्याला सावलीत न्यावे, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी किंवा घरात कुणाचा कमी वयात अचानक मृत्यू झाला असेल तर सुरुवातीलाच तपासणी करून घ्यावी.

नडगीवर बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी तीव्र दुखत असेल तर धावणे बंद ठेवून तपासून घ्यावे. दोन आठवड्यांची विश्रांती नंतर भरून काढता येते. तडा गेलेले हाड मात्र अख्खी भरती हातची घालवू शकते.