कालिया कोण होणार?

बालदोस्तांनो, ढोलकपूरचा छोटा भीम तुम्हाला ठाऊक आहेच. आपल्या शेजारच्या हैदराबादेत तयार झालेली ही कार्टून मालिका २००८ साली पोगो वाहिनीवर सुरू झाली. पण आज मला भीमाबद्दल नाही, कालियाबद्दल बोलायचंय.

कालिया म्हणजे दांडगट पोरगा. लहानांना दम देणारा, भीमावर जळणारा, ढोलू-भोलू या जुळ्यांना मागेपुढे फिरवणारा. शेवटी भीमाचा मार खातो, आणि तुम्ही टाळ्या पिटता. पण खरं सांगा, टुणटुण मावशीचे लाडू पळवतो कोण? भीमच की! त्याने पळवले की गंमत, कालियाने पळवले की चोरी.

महाभारतातला लहानगा भीम तर याहून द्वाड. आदिपर्वात तो कौरवांच्या झिंज्या धरून त्यांना फरफटत नेतो, पाण्यात बुडवून धरतो. पोरं फळं काढायला झाडावर चढली की खोडाला लाथ घालतो. फळं आणि पोरं एकदमच खाली! त्याच्या मनात द्वेष नव्हता, तो पोरखेळ होता, असं तिथे म्हटलंय. पण खाली आपटणाऱ्याला ते कसं कळावं? दुर्योधनाने डूख धरला आणि भीमाला अन्नातून विष घालून गंगेत ढकललं.

हे सांगायचं कारण वेगळंच आहे. माझ्या तिसरीच्या वर्गात एका सावळ्या, अंगाने भरलेल्या मुलाला सगळे ‘कालिया’ म्हणू लागले. तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. मधल्या सुट्टीत डब्यातली कडक भाकरी नि शेंगाचटणी सगळ्यांना वाटायचा. एकदा हजेरी घेताना मागून कुणीतरी ओरडलं, ‘कालिया हजर!’ वर्ग हसला. खोटं कशाला सांगू, मीही हसले.

दिवाळीनंतर त्याने एकाला जोरात ढकललं. मुलं म्हणाली, ‘‘बाई, तो कालियाच आहे हो!’’ मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘मला भीम कोण होऊ देतंय?’’

पालकहो, त्या रात्री मला झोप आली नाही. हसणाऱ्यांत मीही होते ना!

जानेवारीत स्नेहसंमेलनात आम्ही ढोलकपूरचं नाटक बसवलं. भीमाचं काम त्याला दिलं. गदा गड्ड्याच्या जत्रेतून आणली. पण कालिया व्हायला वर्गात एकही जण तयार होईना. शेवटी ते काम मीच केलं. गदा प्लॅस्टिकची होती, तरी लागली बरं का!