मूत्रांतील एक विलक्षण प्रथिन

घरांतील वडील माणसाच्या पाठीला कळ लागली कीं, मंडळींचें निदान बहुधा तयारच असतें. 'वाताचा जोर आहे. तेल चोळा, शेक द्या, म्हणजे बरें वाटेल!' पुष्कळ वेळां हें निदान खरेंही ठरतें. परंतु कांहीं थोड्या प्रसंगीं त्या पाठदुखीच्या मागें निराळाच विकार दडलेला असतो, आणि त्याचा खरा पत्ता रक्ताच्या व लघवीच्या परीक्षेंत लागतो. ह्या परीक्षेची हकीकत जितकी मनोरंजक तितकीच प्रत्येक कुटुंबानें ध्यानांत ठेवण्याजोगी असल्यामुळें, ती वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मूत्रावरून रोग ओळखण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. 'योगरत्नाकरा'नें अष्टविध परीक्षेंत मूत्रास स्थान दिलें असून, मूत्रावर तेलाचा थेंब सोडून तो कसा पसरतो हें पाहण्याची रीत तेथें वर्णिली आहे. युरोपांत १८२७ सालीं रिचर्ड ब्राइट ह्या इंग्रज डॉक्टरानें जलोदर व सूज आलेल्या रोग्यांचें मूत्र चमच्यांत घेऊन मेणबत्तीवर तापविलें. नासलेल्या दुधाप्रमाणें त्यांत साका धरला, आणि मूत्रपिंडें बिघडलीं म्हणजे रक्तांतील अल्ब्युमिन नांवाचें प्रथिन मूत्रांत उतरतें, ही गोष्ट प्रस्थापित झाली.

परंतु ह्या नियमास एक चमत्कारिक अपवाद लौकरच आढळला. लंडन शहरांत सुमारें ४५ वर्षांचा एक प्रतिष्ठित व्यापारी छाती, पाठ व कंबर ह्यांतील असह्य वेदनांनीं अंथरुणास खिळला होता. १८४४ सालीं सहलीस गेला असतां उडी मारतांना छातींत कांहींतरी मोडल्यासारखें त्यास वाटलें, तेथून ह्या दुखण्यास आरंभ झाला. पुढें त्याच्या अंगावर सूज दिसूं लागली, म्हणून डॉक्टर विल्यम मॅकिन्टायर ह्यांनीं त्याचें मूत्र तपासलें. नत्राम्ल घालून तें निवूं दिलें कीं त्यांत साका धरे. पण पुन्हां उष्णता लावतांच तो साका विरघळून जाई! उष्णतेनें घट्ट होणें हा तर अल्ब्युमिनचा धर्म. हें द्रव्य उलट तुपासारखें निवल्यावर गोठत होतें. डॉक्टर थॉमस वॉटसन ह्यांनींही रोग्यास पाहिलें होतें. त्यांनीं ता. १ नोव्हेंबर १८४५ रोजीं तें मूत्र नळींत भरून, हें आहे तरी काय, अशा पृच्छेसह हेन्री बेन्स जोन्स ह्या ३१ वर्षांच्या रसायनज्ञ डॉक्टराकडे धाडलें.

बेन्स जोन्स ह्यांनीं त्या द्रव्याचें पृथक्करण केलें. त्याचें रासायनिक स्वरूप त्यांनीं बांधलें तें पुढें चुकीचें ठरलें. पण तें प्रथिनांच्याच वर्गांतलें आहे आणि रोगी तें रोज फार मोठ्या प्रमाणांत गमावीत आहे, हें त्यांनीं अचूक ओळखलें. ता. १ जानेवारी १८४६ रोजीं तो रोगी मरण पावला. प्रेताची तपासणी केली तेव्हां त्याच्या बरगड्या इतक्या मऊ झालेल्या आढळल्या कीं, त्या सुरीनें सहज कापतां याव्या! हाडें मऊ होण्याच्या अन्य रोग्यांतही हें द्रव्य शोधावें, अशी सूचना बेन्स जोन्स ह्यांनीं आपल्या निबंधांत केली, व तें प्रथिन आजतागाईत त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. ह्या विकारास 'मल्टिपल मायलोमा' हें नांव १८७३ सालीं रुस्टित्स्की ह्यांनीं दिलें.

आतां हें प्रथिन येतें कोठून? ह्या प्रश्नाचा उलगडा होण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. आपल्या हाडांतील मज्जेंत प्लाझ्मा नांवाच्या पेशी असतात. रोगजंतूंशीं झुंजणारीं प्रतिद्रव्यें निर्माण करणें हें त्यांचें काम. प्रत्येक प्रतिद्रव्यास दोन जड व दोन हलक्या अशा चार साखळ्या असतात. जंतु नानाविध, म्हणून प्रतिद्रव्यांचे साचेही नानाविध असणें हेंच निरोगीपणाचें लक्षण होय. पण केव्हां केव्हां एकच पेशी बेबंद होऊन आपली प्रजा वाढवीत सुटते, आणि ती सारी प्रजा एकाच साच्याचें निरुपयोगी प्रथिन ओतीत राहते. त्यांतील सुट्या हलक्या साखळ्या आकारानें लहान असल्यामुळें मूत्रपिंडाच्या गाळणींतून पार होतात. बेन्स जोन्स प्रथिन तें हेंच, असें १९६२ सालीं एडेलमन व गॅली ह्यांनीं सिद्ध केलें. दरम्यान ह्या पेशी हाडें पोखरतात, त्यांतील चुना रक्तांत उतरतो, तांबड्या पेशी कमी होऊन पंडुरोग जडतो, आणि सुट्या साखळ्यांच्या गुठळ्या नलिकांत अडकून मूत्रपिंडें निकामी होऊं लागतात.

हें प्रथिन शोधण्याचें उत्तम साधन स्वीडनमधील आर्ने टिसेलियस ह्यांनीं १९३७ सालीं पुढें आणलें. त्यांस १९४८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ह्या पद्धतीस 'इलेक्ट्रोफोरेसिस' म्हणतात. हल्लीं रक्तजलाचा थेंब एका पातळ थरावर ठेवून वीज सोडतात. प्रत्येक प्रथिन आपआपल्या विद्युद्भारानुसार धांवूं लागतें. अल्ब्युमिन सर्वांच्या पुढें, आणि प्रतिद्रव्यांचा 'गॅमा' वर्ग सर्वांच्या मागें. निरोगी माणसांत ह्या मागच्या वर्गाचा आलेख पसरट टेकाडासारखा दिसतो, कारण त्यांत असंख्य साचे मिसळलेले असतात. एकच साचा बेसुमार वाढला कीं त्या टेकाडाच्या जागीं सुळक्यासारखें उंच टोंक उभें राहतें. तें टोंक कोणत्या जातीचें हें 'इम्युनोफिक्सेशन' नांवाच्या परीक्षेनें ठरतें. सुट्या साखळ्यांच्या कॅपा व लॅम्डा ह्या दोन जातींचें रक्तांतील प्रमाण मोजण्याची सोय २००१ सालापासून झाली आहे.

येथें एक धोक्याची सूचना देणें आम्हांस अवश्य वाटतें. लघवींत बुडवून रंग पाहण्याची जी पट्टी सर्वत्र वापरतात, ती मुख्यतः अल्ब्युमिन दाखविते. ह्या हलक्या साखळ्या तिच्या नजरेस बहुधा पडत नाहींत. त्यामुळें पट्टी कोरी निघाली म्हणून निश्चिंत होणें बरोबर नव्हे. शिवाय, मायलोमाच्या सुमारें १५ ते २० टक्के रोग्यांत केवळ सुट्या साखळ्याच तयार होतात. अशा वेळीं रक्ताच्या आलेखांत टोंक न दिसण्याचाही संभव असतो. म्हणूनच रक्तजलाचा आलेख, इम्युनोफिक्सेशन व सुट्या साखळ्यांचें माप हीं तिन्ही एकत्र पाहण्याचा प्रघात आहे, आणि जरूर पडल्यास चोवीस तासांची लघवी सांठवूनही तपासतात.

उलटपक्षीं, टोंक दिसलें कीं घाबरून जाण्याचेंही कारण नाहीं. अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांत झालेल्या पाहणींत, पन्नाशी उलटलेल्या शंभर माणसांपैकीं सुमारें तिघांच्या रक्तांत असें प्रथिन कसलाही त्रास नसतांना आढळलें. आणि अशा लोकांपैकीं वर्षास सुमारें एक टक्काच पुढें मायलोमा किंवा तत्सम विकाराकडे वळतात. त्यांस औषधाची जरूर नसते, ठराविक काळानें तपासणीची मात्र असते. प्रत्यक्ष मायलोमा झाला तरी आज परिस्थिति पूर्वींसारखी निराशेची राहिलेली नाहीं. तो बहुधा समूळ जात नसला तरी, अनेक नव्या औषधांनीं कित्येक रोग्यांस वर्षानुवर्षें चांगलें जीवन लाभतें. मात्र मूत्रपिंडें शाबूत असतांना रोग सांपडला पाहिजे.

ह्यासाठीं गृहिणींनीं व कर्त्या पुरुषांनीं एवढेंच ध्यानांत ठेवावें. वडीलधाऱ्या माणसाची पाठदुखी आठवड्यांमागून आठवडे टिकली, जोडीला विनाकारण थकवा वा फिकटपणा आला, किरकोळ धक्क्यानें हाड मोडलें, किंवा वरचेवर ताप-खोकला होऊं लागला, तर तें सारें म्हातारपणाच्या खात्यावर टाकून मोकळें होऊं नये. वेदनाशामक गोळ्या मनानें देत राहणें तर सर्वथा टाळावें. आधींच ताण पडलेल्या मूत्रपिंडांस त्यांतील कित्येक गोळ्या घातक ठरतात. डॉक्टरांस सर्व लक्षणें एकत्र सांगावीं, आणि रक्तांतील व मूत्रांतील प्रथिनें पाहावयाचीं काय, हें निःसंकोचपणें विचारावें. आपल्या घरांतील वृद्ध मंडळी सोसण्याची संवय असलेली असतात; त्यांच्या वतीनें हा प्रश्न विचारणें हें धाकट्यांचेंच कर्तव्य होय.