मूषकदंशज्वर आणि उंदराच्या मुखातील जंतू

सुश्रुतसंहितेत कल्पस्थानाचा सातवा अध्याय मूषिककल्पाचा आहे. अठरा प्रकारचे मूषक सांगून ग्रंथी, शोथ, मंडले, पर्वभेद, ज्वर ही विषलक्षणे तेथे वर्णिली आहेत. परीक्षेनंतर हा अध्याय सहसा कोणी उघडत नाही. मात्र उंदीर चावल्यावर आठवडाभराने ज्वर, तळहात-तळपायांवर पुरळ व सांधेदुखी घेऊन रुग्ण आला, की त्याचे स्मरण व्हावे. सुश्रुतांना जंतू ठाऊक होते, असा दावा करण्याचे कारण नाही. त्यांनी विषाचे अधिष्ठान मूषकाच्या शुक्रात मानले. लक्षणसमूह मात्र विलक्षण जुळतो.

या ज्वरास दोन जंतू कारण होतात. पहिला स्ट्रेप्टोबॅसिलस मोनिलिफॉर्मिस, उंदराच्या मुखात व घशात निरुपद्रवीपणे नांदणारा. सूक्ष्मदर्शकाखाली तो मण्यांच्या माळेसारखा दिसतो. नावाचा अर्थही तोच. दुसरा स्पिरिलम मायनस. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन केलेल्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी १८८८ साली भारतीय उंदराच्या रक्तात असा सर्पिल जंतू नोंदवला. त्याचा या ज्वराशी असलेला संबंध पुढे जपानी संशोधकांनी दाखवला. यात भरून आलेला दंशव्रण पुन्हा सुजतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे.

खरी अडचण ओळख पटविण्याची आहे. पहिल्या जंतूस वाढीसाठी रक्त वा रक्तद्रव, कर्बवायू आणि कित्येक दिवस लागतात. शिवाय रक्तसंवर्धनाच्या तयार बाटल्यांत रक्त गोठू नये म्हणून बहुधा जे एसपीएस रसायन असते, तेच त्याची वाढ रोखते. अहवाल ‘जंतू आढळले नाहीत’ असा येतो आणि वैद्य निर्धास्त होतो! दुसरा जंतू तर कृत्रिम माध्यमावर वाढतच नाही. तो डार्क-फील्ड सूक्ष्मदर्शकाने शोधता येतो. म्हणून प्रयोगशाळेच्या कागदावर ‘मूषकदंश’ हा शब्द ठळक लिहावा, शक्य तर आधी दूरध्वनी करावा.

पावसाळ्यात असा ज्वर लेप्टोस्पायरोसिस समजला जाणे स्वाभाविक आहे. परंतु तो उंदराच्या मूत्रातून येतो. त्याची तपासणी जरूर करावी, पण दंशाची चौकशी सोडू नये. व्रण भरल्यावर रुग्ण चावा विसरतो. घरी पांढरे उंदीर पाळले आहेत काय, रुग्ण धान्याच्या गोदामात निजतो काय, हेही विचारावे. उपचाराविना सुमारे दहा टक्के रुग्ण दगावतात; दोन्ही जंतूंवर पेनिसिलिन गुणकारी आहे. तेव्हा दाट संशय असता संवर्धनाच्या अहवालाची वाट न पाहता रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे.