साठ किलोचा माणूस

प्रो कबड्डीमुळे खेड्यातली पोरं कशी बदलली, असा लेख संपादकांना हवा होता. दिवाळीनंतर विदर्भात गावोगावी कबड्डीचे सामने लागतात. त्यातलाच एक गाठायला मी दारव्हा तालुक्यात, अडाण नदीकाठच्या बोरी अरबला गेलो. पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते आणि मैदानावर कबड्डी नव्हतीच. मंडपाखाली पंचवीस-तीस जण चड्डीवर, उघड्या अंगाने रांगेत उभे. रांगेच्या टोकाला खेडा खरेदीवाल्याकडून मागून आणलेला कापसाचा इलेक्ट्रॉनिक काटा. त्याच्या कडेला अजून कापसाचे पुंजके चिकटलेले.

सामने साठ किलो वजनगटाचे होते. रांगेतल्या कोणी सकाळपासून पाण्याचा घोट घेतलेला नव्हता, तर कोणी स्वेटरावर स्वेटर चढवून नदीपर्यंत पळून आलेला. एक जण साठ किलो दोनशे भरला आणि त्याच्या कप्तानाने काट्यावरच आक्षेप घेतला. पंच शांतपणे म्हणाले, युरिया आणा. जवळच्या कृषी केंद्रातून न फोडलेली पिशवी आली. युरियाची पिशवी पूर्वी पन्नास किलोची असायची, 2018 पासून ती पंचेचाळीसची झाली. हे तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं, कारण सगळ्यांच्या घरी शेती. काट्याने पंचेचाळीस आणि वर थोडं दाखवलं, म्हणजे काटा बरोबर. पोरगा पुन्हा पळायला गेला.

त्याच्यामागे उभा होता तो माणूस, ज्याच्यापायी मला मूळ लेख सोडून द्यावा लागला. वय तिशीच्या अलीकडे, कानाच्या पाळ्या चुरगळलेल्या, डाव्या गुडघ्याला काळी पट्टी. काट्यावर चढला, एकोणसाठ आठशे. हातावर शाईचा शिक्का मारून घेतला आणि बाजूला जाऊन अर्धा तांब्या पाणी घोटघोट करत प्यायला. हा गावचा नव्हता. संघाने बोलावलेला ‘बाहेरचा’ होता. हंगामात आज या गावाकडून तर चार दिवसांनी दुसऱ्या गावाकडून. मानधन मजुरीच्या चार-पाच दिवसांइतकं, वर जेवण आणि येण्याजाण्याचं पेट्रोल. बक्षीस लागलं तर वाटा. नाव छापू नका म्हणाला, कारण घरी तो या दिवसांत कापूस वेचायच्या बाया गोळा करायला गेलेला असतो.

कबड्डीचा अधिकृत इतिहास या भागाला परका नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यात कबड्डीही होती. 1990 साली हा खेळ बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पोचला. 26 जुलै 2014 ला मुंबईत प्रो कबड्डी सुरू झाली आणि पाच वर्षांत चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईवर लिलावात 1 कोटी 45 लाखांची बोली लागली. मंडपातल्या पोरांना यातला फक्त शेवटचा आकडा ठाऊक होता.

दुपारी सामने सुरू झाले. माझा माणूस डाव्या कोपऱ्यात. समोरच्याने बोनसचा नाद केला की त्याचे डोळे चढाईवाल्याच्या छातीवर नसतात, खांद्यावर नसतात, मातीवर असतात. मी तीन सामने हेच पाहत बसलो. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. बोनस घ्यायचा तर एक पाय रेषेपलीकडे टेकवावा लागतो आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत असावा लागतो. म्हणजे डोळ्याचं पातं लवेपर्यंत चढाईवाल्याचं सगळं वजन एका घोट्यावर असतं. हा त्या घोट्यावर पडतो. झेप म्हणावी अशी ती नसते. पोटावर सपाट, दोन्ही पंजे घोट्यामागे गुंफलेले आणि डोकं बाहेरच्या बाजूला वळवलेलं, कारण दुसरा पाय कुठे बसेल याचा भरवसा नाही. त्या कानांचं कारण मला तिसऱ्या पकडीला कळलं. कोपरा अर्ध्या क्षणात काम करतो, बाकीचे पाच-सहा जण वर येऊन पडतात आणि ढोलवाल्याला वाटतं पकड त्यांनीच केली.

या कसबाच्या जोरावर वरच्या पायरीवर का गेला नाहीत, असं मी विचारलं. त्याने काट्याकडे बोट दाखवलं.

उत्तर मला गाडीत बसल्यावर नीट उमगलं. वरिष्ठ गटात आणि प्रो कबड्डीत वजनाची मर्यादा 85 किलोची. तिथले चढाईवाले ऐंशीच्या आसपास असतात. हा एकदा एका संघाच्या निवड चाचणीला गेला होता. मातीत पायाची बोटं रोवून खेळायची सवय, तिथे मॅट आणि बूट. घोटा हातात आला, पण ऐंशी किलोचा गडी त्याच्यासकट मध्यरेषेपर्यंत घसरत गेला. परत आल्यावर वजन वाढवायचं ठरवलं. सत्तर झाला असता तर गावच्या सामन्यांतून बाद. खुल्या गटाला मोठी बक्षिसं असतात, पण तिथे मोठ्या शहरांतून खेळाडू बोलावतात. दोन हंगाम नुसतं खात बसायला घरात कोणी मुभा दिली नाही. पोटाला देणारा काटा त्याला साठावरच धरून ठेवतो.

खालून वर जायची वाट दुसरीकडे कशी असते, ते अमेरिकेतल्या आईस हॉकी लीगच्या उतरंडीत दिसतं. वर एनएचएल, खाली 1936 पासून एएचएल, त्याच्याखाली ईसीएचएल. तिसऱ्या पायरीवरचा खेळाडूही रात्ररात्र बसने हिंडतो आणि हंगाम संपला की त्याचा पगार थांबतो. पण पायऱ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. खालचा कोण किती खेळला हे वरच्यांना कळतं. 2022 पासून आपल्याकडे युवा कबड्डी सिरीज सुरू झाली, पण ती तेवीस वर्षांखालच्यांची. बोरी अरबच्या मातीत केलेली पकड कोणत्याही वहीत उतरत नाही.

कागदाचा प्रश्न तर वेगळाच. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचं लागतं आणि त्याचीही विभागीय पातळीवर पडताळणी होते. गावोगावच्या रोख बक्षिसाच्या सामन्यांना तिथे किंमत नाही. त्याच्या घरच्या फडताळात पंचवीसेक ढाली आहेत. नोकरीच्या अर्जाला त्यातली एकही जोडता येत नाही. मुंबईच्या कंपन्यांच्या संघात जायचं तर विशीतच जायला हवं होतं, आणि तिथेही आता कायम नोकरीपेक्षा कराराचीच भाषा जास्त.

शिवाय गुडघा. मागच्या हंगामात मैदानातली काळी माती आतून फुगलेली होती, वर नुसता मुरूम पसरलेला. पाय रुतला आणि शरीर वळलं. एमआरआय केला नाही, पट्टी बांधली. पळताना दुखत नाही म्हणतो, उठताना दुखतं. कोपऱ्याचं सगळं काम बसून उठण्याचं.

त्याचा संघ उपांत्य फेरीत हरला. रात्री पंगतीत त्याने तीन पोळ्या खाल्ल्या, वांग्याची भाजी पुन्हा मागून घेतली. हात धुऊन मंडपाकडे आला तेव्हा खेडा खरेदीवाल्याचा माणूस काटा टेम्पोत टाकायला थांबला होता, सकाळी कापूस यायचा होता. हा त्याला थांब म्हणाला, चपला काढल्या आणि वर चढला. एकसष्ट सहाशे. परवा पुढच्या गावी वजन होतं.

“काटा खोटा नाही बोलत, भाऊ,” खाली उतरत तो म्हणाला, आणि टेम्पोवाल्याला काटा उचलायला हात लावला.