उद्याचा आकडा

"एकाहत्तर," मावशी म्हणाल्या आणि भिजत घालायला काढलेल्या वाटाण्यातून वाटीभर वाटाणे परत डब्यात ओतले. मंगळवारची रात्र, सव्वानऊ झालेले. तेवढ्यात फोनवर आणखी एक निरोप वाजला : 'उद्या खाडा'. मावशींनी तो वाचला, तोंडानं 'चक्' केलं, पण पुन्हा वाटी काही उचलली नाही. "एकजण तरी ऐन वेळी वाढतोच," म्हणाल्या आणि वाटाण्यावर पाणी सोडलं.

माण हे मुळशी तालुक्यातलं गाव. हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा याच्या शिवारात उभा आहे. एका बाजूला काचेच्या इमारती, दुसऱ्या बाजूला अजून तग धरून असलेली भाताची खाचरं, आणि मधल्या पट्ट्यात 'मुलांसाठी रूम भाड्याने' अशा पाट्या. मावशींची मेस या मधल्या पट्ट्यात, एका भाड्याच्या गाळ्यात आहे. पुढे सहा टेबलं, मागे स्वयंपाकघर. त्या स्वतः मुळशीतल्याच, धरणाच्या अंगाच्या एका गावच्या. भाच्याला इकडे नोकरी लागली, त्याच्यासाठी मेस बघायला म्हणून मी आले आणि आठवडाभर येतच राहिले. कॉलेजची तीन वर्षं सदाशिव पेठेत मेसचं जेवल्यामुळे मेस म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे, असा माझा समज होता. मला ठाऊक होती ती फक्त ताटाकडची बाजू.

पावणेपाचला शटर अर्धं वर जातं. निळा एकोणीस किलोचा सिलिंडर, त्यावर दोन मोठ्या शेगड्या. एकीवर भाताचा टोप, दुसरीवर भाजीची कढई. कणीक मळायला मशीन आहे, पण पाणी मशीनवर सोडत नाहीत, मावशी हातानं घालतात. गव्हाचं पोतं बदललं की पाणी बदलतं, हे मशीनला कसं कळणार! पोळ्यांना दोघी बायका येतात. एक लाटते, दुसरी भाजते, आणि तासाभरानं न बोलता जागा बदलतात, कारण भट्टीपुढे त्याहून जास्त वेळ कोणी उभं राहू शकत नाही. त्यांचा हिशोब किलोवर. किलोला चौतीस पोळ्या पडतात. डब्याला चार पोळ्या, एकाहत्तर डबे, म्हणजे साडेआठ किलो पीठ. यात पाचदहा पोळ्या वर राहतात, त्या बायकांच्या न्याहारीला. पोळी घरच्यासारखी पातळ नसते. पातळ पोळी डब्यात दुपारपर्यंत वातड होते. मेसची पोळी जाडसर ठेवावी लागते आणि घडीत तेलाचं बोट जरा सढळ फिरवावं लागतं. "घरच्यासारखं जेवण" ही पाटी प्रत्येक मेसवर असते. घरची पोळी तव्यावरून पानात पडते, ही पाच तासांनी तिसऱ्या टप्प्यातल्या सहाव्या मजल्यावर उघडली जाते, हा फरक पाटी लावणाऱ्यालाच नीट माहीत असतो.

भात कोलमचा. मुळशी-मावळचा भाग इंद्रायणी आणि आंबेमोहराचा, मावशींच्या घरी इंद्रायणीच शिजतो, पण मेसमध्ये नाही. तो चिकट. घरच्या पातेल्यात तो चिकटपणा गोड लागतो, पंधरा किलोच्या टोपात त्याचा तळाकडून गोळा होतो आणि वाढताना ओगराळं फिरत नाही. तांदळाची भाकरी हा इथला खरा घास, तीही इथं होत नाही, मागणीच नाही. माणमध्ये जेवणारे नांदेडचे, अकोल्याचे, जळगावचे, गोरखपूरचे. पहिल्या वर्षी मावशींनी आमटीत गोडा मसाला आणि गुळाचा खडा टाकला, तेव्हा लातूरच्या एका मुलानं विचारलं, "मावशी, डाळीत साखर सांडली का?" त्या दिवसापासून गूळ बंद, कांदा-लसूण मसाला सुरू. गुळाची आमटी आता फक्त रविवारी दुपारी, आणि तीही 'पुणेरी आमटी' असं फळ्यावर लिहून, म्हणजे तक्रारीला जागा नको.

पण या सगळ्यात अवघड असं काही नाही, असं मावशींचं म्हणणं, आणि आठ दिवसांनी माझंही. शंभर माणसांचा स्वयंपाक हाताला सवयीचा होतो. सवयीचा होत नाही तो आकडा. उद्या किती जेवणार हे आज रात्री सांगायचं, आणि चुकलं तर दोन्हीकडून मार. जास्त झालं तर नासतं, कमी पडलं तर ज्याच्या ताटात भाजी आली नाही तो पुढच्या महिन्यात दुसरीकडे पैसे भरतो.

पूर्वी हे सोपं होतं. सोमवार ते शुक्रवार कंपन्या, शनिवार-रविवार सुटी. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, मुलं गावाला गेली, गाळ्याचं भाडं मात्र चालू राहिलं. मुलं परत आली ती घरून काम करण्याची सवय लावून घेऊन. आता बहुतेकांना आठवड्यातले तीनच दिवस ऑफिस : मंगळवार, बुधवार, गुरुवार. त्या तीन दिवशी सत्तरच्या वर डबे, शुक्रवारी चाळीस-पंचेचाळीस, आणि सोमवारी तर काय होईल ते ग्रुपवरच्या निरोपांवर. मेसचा आठवड्याचा मेनू यातूनच ठरतो, हे मला चौथ्या दिवशी कळलं तेव्हा हसू आलं. मी समजत होते चवीपालटासाठी ठरतो. वाटाणा, हरभरा, छोले रात्री भिजवावे लागतात, म्हणजे आकडा आदल्या रात्री हवा. मोड आलेली मटकी करायची तर दोन दिवस आधी हवा. एकदा भिजवलं की परत डब्यात जात नाही. म्हणून कडधान्य बुधवारी-गुरुवारी. कोबी, बटाटा, दुधी यांना आकडा सकाळी सहाला कळला तरी चालतो, दोन गड्डे कमी चिरायचे. म्हणून सोमवारी आणि शुक्रवारी कोबी-बटाटा. आपण पेठेतल्या मेसमध्ये दर सोमवारी कोबी बघून काकूंच्या नावानं बोटं मोडायचो, ते आठवलं.

'खाडा' हा शब्द बाहेरच्यांना समजावून सांगावा लागतो. महिन्याचे पैसे आगाऊ भरलेले असतात; ज्या वेळी जेवायला येणार नाही, ती वेळ कळवली तर पुढच्या महिन्यात वळती होते. कळवली नाही तर जेवण गेलं आणि पैसेही. पेठेतल्या आमच्या मेसमध्ये सलग तीन दिवस असतील तरच खाडा धरायचे, भिंतीवर तसं लाल रंगात लिहिलेलंच होतं. मावशींकडे एक वेळचाही धरतात, अट एवढीच की रात्री नऊच्या आत कळवायचं. नऊनंतर आलेला खाडा त्या वहीत लिहीत नाहीत, पण आकड्यात मात्र मोजतात. पैशाचा नियम कडक, अंदाज मोकळा.

पावणेआठला डबे भरायला सुरुवात होते, सव्वाआठला पोरगा दुचाकीवर दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवून निघतो. साडेआठ झाले की हिंजवडीचा रस्ता तुंबतो आणि मग दहा मिनिटांच्या अंतराला पाऊण तास लागतो. डबे स्टीलचे होते, ते परत येईनात. कोणाच्या टेबलाखाली, कोणाच्या रूमवर, एक तर म्हणे थेट उदगीरला पोचला. आता प्लास्टिकचे डबे आहेत आणि मावशींना ते आवडत नाहीत. हिंजवडीच्या मेट्रोच्या कामावरचे सुपरवायझर मात्र डबा न नेता वर्ष-दीड वर्ष इथंच जेवायचे. माणला डेपो आणि तिथून शिवाजीनगरच्या न्यायालयापर्यंत तेवीस किलोमीटरची, तेवीस स्थानकांची ती मार्गिका. "आमच्या भातावर उभी राहिली," मावशी खांबांकडे हात करून सांगतात.

शिकायला किंवा पोटासाठी आलेल्या परक्या पोरांना रोज जेवू घालणं हा पुण्याचा जुनाच धंदा, आणि धंदा होण्याआधी तो धर्म होता. १८२१ साली पेशव्यांच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, पुढे तिचंच डेक्कन कॉलेज झालं. १८८५ साली फर्ग्युसन आलं. बाहेरगावच्या गरीब मुलानं शिकायचं तर सात घरी सात वार लावायचे : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. नाही तर झोळी घेऊन माधुकरी मागायची. १९०९ साली सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातली मुलंही माधुकरीवर शिकली. हे सगळ्यांच्या वाट्याला नव्हतं, हेही सांगायला हवं. वार बहुतेक ब्राह्मण घरांत आणि ब्राह्मण मुलांनाच मिळत. बाकीच्यांना पेठेचा उंबरठा ओलांडायलाच फार वर्षं लागली. पैसे मोजून जेवायची खानावळ आली, तिनं तो उंबरठा ओलांडणं हळूहळू सोपं केलं. महिन्याचे पैसे भरणाऱ्याला कोणी जात विचारत नाही. निदान मावशींच्या वहीत तरी फक्त नाव आणि खाडे असतात.

वार लावलेल्या घरातही आकडा ठरलेला असे, फक्त तो एकच असे : आज एक पान जास्त. मी हे मावशींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आणि तो मुलगा आजारी पडला तर? कळवायचा कसा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता जे मुलाखतीला, प्रवेशाला किंवा पोराला सोडायला म्हणून दोन-चार दिवस इकडे येतात, त्यांच्यासाठी आठवडाभरात हाती लागलेल्या काही गोष्टी. मेसमध्ये महिना न भरताही एक वेळचं ताट मिळतं, विचारायला लाजू नका. फक्त वेळेच्या तासभर आधी सांगा. महिना भरण्याआधी एकदा रात्री अगदी शेवटी, साडेनवाला जाऊन जेवा. तेव्हा भाजीच्या जागी लोणचं मिळालं तर त्या मेसला आकडा जमत नाही असं समजा. खाड्याचा नियम पैसे देण्याआधी विचारा. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, दुपारी गोडधोड असतं त्याला 'फीस्ट' म्हणतात. गणपतीत आणि दिवाळीत चार ते आठ दिवस सुटी धरून चाला.

रविवारी रिकामे असाल तर माणहून बसनं मनपाचा (महापालिकेचा) थांबा गाठा आणि पुढे चालत पेठांत शिरा. सकाळी नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ, पावाच्या स्लाइसबरोबर आणि मराठवाड्यातल्या माणसाला चक्क गोड वाटेल अशी. दुपारी लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाऊस. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ साली काढलेलं. त्याच साली सुरू झालेलं गुडलक डेक्कनला आहे, तिथं बनमस्का. घड्याळाकडे मात्र लक्ष ठेवा. पुण्यात दुपारच्या जेवणाची वेळ टळली की टळली. चितळ्यांचं दुकान दुपारी एक ते चार बंद, हा विनोद २०१७ साली दुकानानंच दुपारी उघडं राहून संपवला, पण शहराची सवय तशीच आहे.

मावशींकडे जेवणारा एक मुलगा कंपनीच्या कामानं स्पेनला जाऊन आला. सुटीत सालामांका बघून आला. तिथलं विद्यापीठ १२१८ सालचं, म्हणजे ज्ञानेश्वरांच्याही आधीचं. त्याची तक्रार एकच होती : संध्याकाळी सहाला भूक लागली तर गावात कुठे जेवण मिळेना, रात्री नऊशिवाय स्वयंपाकघरं उघडतच नाहीत. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग बरोबरच आहे की," म्हणाल्या. "आपण तरी सहाला कुठे वाढतो?"

भाच्याची मेस तिथंच लावली. पहिल्याच आठवड्यात तो मित्रांबरोबर पिझ्झा खायला गेला, कळवलं नाही, आणि एक पान उरलं. ते मीच जेवले. वाटाण्याची उसळ होती. तुम्हीही मेस लावली असेल आणि उद्या जेवणार नसाल, तर एवढं करा. रात्री नऊच्या आत कळवा.