श्वासाच्या स्नायूंची तालीम

‘पंपिंग कमी झालंय’ हे कळल्यावर चालताना लागणाऱ्या धापेचा सगळा दोष आपण हृदयाला देतो. पण हृदयाचं पंपिंग कमी होण्याच्या या आजारात श्वासपटलही, म्हणजे छाती-पोटाच्या मधला श्वास ओढणारा मुख्य स्नायूही, पुष्कळदा दुबळं झालेलं असतं. ते थकलं की शरीर पायांकडे जाणारं रक्त आखडतं, म्हणून पायही गळून जातात. या स्नायूला बळ देता येतं.

सुरुवात मात्र घरी करू नये. आधी हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी, मग फिजिओथेरपिस्टकडे श्वासाच्या ताकदीचं मोजमाप. बंद नळीतून जोर लावून श्वास ओढायचा. ताकद पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापूर भागातल्या रुग्णांनी निघण्याआधी ही तपासणी तिथे होते का, विचारून घ्यावं.

सगळ्यात जास्त घोळ यंत्रात होतो. ऑपरेशननंतर मिळालेलं तीन चेंडूंचं यंत्र घरात असतं, तेच हे, असं वाटतं. ते नव्हे! चेंडू हवा किती वेगानं ओढली ते दाखवतात. सावकाश ओढली की स्नायूंवर फारसा भार येतच नाही. आपल्याला हव्या असलेल्या यंत्रात स्प्रिंगची झडप असते. ठरवलेल्या दाबाशिवाय ती उघडत नाही. ताकद ६० भरली, तर बहुधा ३० टक्के, म्हणजे १८ वर लावून देतात.

ताठ बसावं, नाकाला चिमटा लावावा, ओठ नळीभोवती घट्ट मिटावेत. एक हात पोटावर ठेवावा. श्वास घेताना तो पुढे यायला हवा. खांदेच वर गेले, तर मान राबतेय, श्वासपटल नाही. डोकं हलकं वाटलं, तर आपण घाई करतोय, थांबावं.

ब्राझीलमधल्या २००६ सालच्या अभ्यासात श्वासाचे स्नायू दुबळे असलेल्या हृदयरुग्णांनी रोज अर्धा तास, १२ आठवडे हा व्यायाम केला. त्यांचं चालण्याचं अंतर वाढलं. एका बैठकीत अर्धा तास जमत नसेल, तर सांगितलेल्या वेळेचे तुकडे करावेत. ताकद वाढते तसा दाबही वाढवावा लागतो. तो तसाच ठेवला की प्रगती अडते.

तुकोबांच्या पालखीबरोबर बारामती ते सणसर चालायचं मनात असेल, तर चैत्रातच डॉक्टरांना विचारावं. पालखी गावात आल्यावर यंत्र आणून काही साधत नाही.

छातीत दुखलं, पायांवर सूज आली किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं, तर यंत्र बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.